पट पाच

मेघनानं एक्सेलमध्ये रकाने केले होते:
पुलगावला उतरणे, हळद, लग्न,
बोर धरण, वाघ (दिसल्यास), परत.
शेवटचा रकाना 'इतर'. तो रिकामा.

मे महिन्याची एकवीस.
स्टेशनबाहेरच्या रसवंतीवाल्यानं विचारलं,
"लगनाले आल्या का फिराले?"
दोन्ही, रुबिना म्हणाली.
"या उन्हात दोनापैकी एकच जमते, बाई,"
आणि ग्लासात जास्तीचा बर्फ टाकला.

आमची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत,
चौथीच्या वर्गात. बाकं भिंतीशी, मधे गाद्या,
उशाशी रंगवलेला तेराचा पाढा.
कूलरमध्ये तासातासाला दोन बादल्या ओतायला
विशाखाचा चुलतभाऊ नेमलेला, सिद्धांत, वय अकरा.
आम्हाला मॅडम म्हणायचा
आणि आमच्या चपला न सांगता सावलीत सरकवायचा.

फळ्याच्या कोपऱ्यात पक्क्या रंगात दोनच शब्द:
पट, हजर.
रुबिनानं कुठूनसा खडू शोधला.
पट ५.
पुढे थांबली, माझ्याकडे न बघता लिहिलं
हजर ३.

रात्री विशाखा पळून आली आमच्यात झोपायला.
काका म्हणाले होते, हळद आपल्यात नाही.
आत्या म्हणाल्या होत्या, आहे.
तडजोड म्हणून फक्त हात पिवळे.
त्याच हातानं तिनं तीन पुसून चार केला;
चाराला पिवळी कड आली.

शाळेच्या स्लॅबवर आठ बादल्या ओतल्या.
आधी चरचर, मग वाफ,
मग भाजल्या विटेचा वास, आणि कितीतरी उशिरा
पाठीला जरासा गारवा.
हॉस्टेलच्या सगळ्यांची नावं निघाली,
वॉचमनच्या कुत्र्याचंही.
हेमांगीचं कोणी काढलं नाही.
भांडण सहा हजारांचं आणि एका वाक्याचं.
सहा हजार तिनं केव्हाच पाठवले होते.
वाक्य माझं होतं.

सकाळी मंडपात पांढरं कापड, निळं तोरण,
म्हशीएवढाले सहा कूलर.
टेबलावरची मेणबत्ती टिकेना.
तीनदा लावली, तीनदा विझली.
नवरदेवाच्या मामानं तळहात धरले, तरी विझली.
मग आत्या उठल्या.
"बंद करा ते कूलर. दोन घडी घामानं कोनी मरत नाही."

एकामागून एक सहाही घरघरत थांबले
आणि इतका वेळ न ऐकलेलं गाव ऐकू आलं:
दूर कोणाचा तरी पंप, एक कावळा,
पाचशे माणसांच्या कपड्यांची सळसळ.
ज्योत उभी राहिली. सरळ.
त्रिशरण सुरू झालं.

माझ्या शेजारी कोणीतरी येऊन थांबलं,
तोंडाला दुपट्टा, वर गॉगल.
इथं उन्हाळ्यात साऱ्याच बाया अशा,
दरोड्याला निघाल्यागत.
तिनं गॉगल काढला.
वर्ध्यापासून उभ्यानं आलेली एसटी
दोन्ही डोळ्यांत लाल होती.
दोन वर्षं मी जे जुळवत होते
त्यातलं एकही अक्षर आलं नाही.
"पाणी देऊ?"
"थांब. आधी हे होऊ दे."

फुलं उधळली तेव्हा कूलर पुन्हा सुरू झाले होते;
अर्धी फुलं आमच्याच अंगावर परत आली.

वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी, पुन्हा बुंदी.
चार वाजता गाडी निघाली.
डिंक वितळून काचेवरच्या तिच्या नावातला 'शा'
वायपरपर्यंत घसरला होता.
रडायचं ठरलं होतं, त्यावर हसू आलं.

बोर धरण राहिलं. वाघही.
सहापर्यंत वर्गात नुसत्या पडून होतो,
तेरा साती किती यावर वाद घालत, पाढा उशाशी असून.
हेमांगीनं ग्लास शोधला नाही,
माझ्या तांब्यालाच तोंड लावून प्याली,
उरलेलं माझ्या पायांवर ओतलं.
माफी कोणी मागितली नाही. मी मागायला हवी होती.

सिद्धांत बादली घेऊन आला.
फळ्याकडे बघितलं, मग आमच्याकडे,
बोटानं मोजलं गुरुजींसारखं: एक, दोन, तीन, चार.
"बरोबर हाय," म्हणाला,
आणि कूलरमध्ये पाणी ओतलं.

शाळा उघडेल जूनच्या अखेरीस.
तोवर तो फळा कोण पुसते.